आधी उठणं बघा, मग आडवं होणं

एका वाचक ताईंचं पत्र, नाव-गाव वगळून: वडील ७८ वर्षांचे, आई ७२ची. वडिलांचे दोन्ही गुडघे झिजलेत. काठी घेऊन घरात चालतात, पण बसले की उठताना आईला हात धरून ओढावं लागतं. त्यात तिचा खांदा दुखावलाय. गेला दीड महिना वडिलांना सपाट झोपवत नाही. तीन उशा लावतात, त्या रात्रीतून घसरतात, मग दोन-तीनला उठून बाहेरच्या सोफ्यावर जातात आणि बसल्या बसल्या झोपतात. संध्याकाळी घोट्यांवर सूज असते. लांब राहणारा भाऊ म्हणतो, मोटरवाला, मसाजवाला, ‘झिरो ग्रॅव्हिटी’ पलंग घेऊन टाकू, पैसे मी देतो. वडील म्हणतात, ‘मला दवाखान्यातली खाट घरात नको.’ ताईंना रिक्लायनर, म्हणजे पाठ मागे आणि पाय वर होणारी खुर्ची, हा मधला मार्ग वाटतो. धास्तीही वाटते, की अशी वस्तू एकदा घरात आली की बाबा तिच्यातच राहतील. प्रश्न एवढाच: पलंग की खुर्ची?

ताई,

पलंग की खुर्ची ते पुढे सांगतेच, पण आधी तुमच्या पत्रातली दोन वाक्यं बाजूला काढून ठेवते. सपाट झोपवत नाही. घोट्यांवर सूज येते. फर्निचरबद्दल लिहिता लिहिता तुम्ही ही वाक्यं ओघात लिहून गेलात, आणि मला ती फर्निचरची वाटत नाहीत. आडवं झालं की दम लागतो म्हणून उशा वाढत जाणं, जोडीला पायांवर सूज, हे हृदयाची ताकद कमी पडत असल्याचं लक्षण असू शकतं. ‘झोपताना किती उशा लागतात?’ असं डॉक्टर विचारतात ते गप्पा म्हणून नाही. कारण दुसरंही असेल. म्हणून बाबांना नीट विचारा: आडवं झाल्यावर नेमकं काय होतं? दम लागतो, आंबट वर येतं, की पाठ धरते? उत्तर ‘दम’ असेल तर याच आठवड्यात डॉक्टर, बाकी सगळं नंतर. डोक्याकडून वर होणाऱ्या पलंगावर त्यांना झोप लागेलही, आणि गोची तिथेच आहे. त्रास झाकला जाईल, कारण आत वाढत राहील. आणि एकाच पायाला अचानक सूज आली, पोटरी दुखायला लागली किंवा बसल्या जागी दम लागला, तर आठवडाभरही थांबू नका.

आता वस्तूंकडे येऊ. ‘पलंग की खुर्ची’ या प्रश्नात तुम्ही धरून चालला आहात की बाबांची अडचण आडवं होण्याची आहे. पत्र परत वाचून बघा. रात्रीची गोष्ट तुम्ही सविस्तर लिहिलीत, पण आईचा खांदा गेला तो बाबांना झोपवताना नाही, उठवताना. घरातलं म्हातारं माणूस अडतं ते बहुतेक वेळा उठण्यापाशी. म्हणून खरेदीच्या आधी तीन दिवस एक काम करा. एक कागद भिंतीला लावा आणि बाबा जेव्हा जेव्हा उठतात तेव्हा लिहा: कुठून उठले, कितव्या प्रयत्नात, कोणाचा हात लागला का. सोफा, पलंग, जेवणाची खुर्ची, कमोड. तीन दिवसांनी बहुधा दिसेल की सगळ्या बैठका सारख्या छळत नाहीत, एखादीच छळते. माझा संशय तुमच्या सोफ्यावर आहे.

उठायला काय लागतं ते सांगते, म्हणजे संशय का ते कळेल. पावलं गुडघ्यांच्या थोडी मागे घ्यावी लागतात, मग धड पुढे झुकवायचं, नाक पायाच्या बोटांच्या वर येईपर्यंत, आणि मग मांड्यांनी जोर लावायचा. बैठक जितकी खोल तितकं गुडघ्यावर ओझं जास्त. मऊ सोफ्यात माणूस बुडतो, कंबर गुडघ्यांच्या खाली जाते. शिवाय बऱ्याच सोफ्यांची पुढची बाजू जमिनीपर्यंत बंद असते, म्हणजे पावलं मागे न्यायला जागाच नाही. अशा वेळी समोरून कुणी हात ओढला की माणूस पुढे झुकायच्या ऐवजी मागे रेलतो, आणि त्याचं निम्मं वजन ओढणाऱ्याच्या खांद्यावर येतं. तुमच्या आईचं हेच झालंय. हात ओढणं आजपासून बंद करा. आईने शेजारी उभं राहावं, बाबांनी खुर्चीच्या हातांवर तळवे टेकून ‘नाक पुढे’ करावं. दोन-चार दिवस विचित्र वाटेल, मग सवय होते.

टेप काढा आणि मापं घ्या. बाबांना एका सरळ, कडक खुर्चीवर बसवा, पायात घरात घालतात त्याच चपला. पहिलं माप: जमिनीपासून गुडघ्यामागच्या खळगीपर्यंत. बैठकीची उंची एवढी हवी. गुडघे झिजलेले असतील तर दोन-तीन सेंटिमीटर जास्त चालते, पण टाचा जमिनीला टेकल्याच पाहिजेत. आणि उंची मोजायची ती माणूस बसून गादी दबल्यावरची, दुकानातल्या चिठ्ठीवरची नाही. दुसरं माप: पाठीमागून खळगीपर्यंत, त्यातून दोन-तीन बोटं वजा. ही बैठकीची खोली. तिसरं: कोपर काटकोनात ठेवून बैठकीपासून कोपरापर्यंत, म्हणजे खुर्चीचे हात किती उंच हवेत ते. रुंदी एवढी की दोन्ही बाजूंना तळहात उभा शिरावा. त्याहून जास्त ऐसपैस खुर्चीत माणूस एका कुशीला कलतो.

मापांचा मी एवढा घोष लावते त्याला कारण आहे. माझ्या मामांसाठी आम्ही भाचरांनी वर्गणी काढून रिक्लायनर घेतली होती. दुकानात आम्ही आळीपाळीने बसून बघितली, सगळ्यांना आवडली. मामांना कुणी नेलं नाही, कारण ‘त्यांना सरप्राइज’. मामा आमच्यापेक्षा चांगले वीतभर बुटके. बैठक त्यांना इतकी खोल झाली की पाठ टेकली तर पाय लोंबकळायचे, आणि पाय टेकले तर पाठ हवेत. शेवटी माकडहाडावर घसरून, हनुवटी छातीला लावून बसायचे. सहा महिने आम्ही त्यांच्या पायांखाली पाट सरकवत होतो. मामा सभ्य माणूस, ते एकदाही काही बोलले नाहीत. मामी मात्र बोलल्या.

तेव्हा खुर्ची. साधी रिक्लायनर आणि लिफ्टवाली रिक्लायनर या दोन वेगळ्या वस्तू आहेत, दुकानात त्या एकाच ओळीत मांडलेल्या असल्या तरी. साध्या रिक्लायनरमध्ये आडवं होता येतं, पण पायपट्टा, म्हणजे पाय टेकवायची पुढची फळी, आत घ्यायला टाचांनी जोर लावावा लागतो किंवा खटका ओढावा लागतो, आणि उठायचं ते स्वतःच्याच गुडघ्यांवर. बाबांसाठी ती सोफ्याचीच नवी आवृत्ती ठरेल. लिफ्टवाली खुर्ची मोटरने अख्खी वर उचलली जाते आणि पुढे कलते, माणसाला जवळजवळ उभं करून ठेवते. यात एक मोटर आणि दोन मोटर असे प्रकार असतात. एका मोटरच्या खुर्चीत पाठ आणि पाय एकमेकांना बांधलेले. पाय वर हवे असतील तर पाठही मागे गेलीच. दोन मोटरच्या खुर्चीत पाय वेगळे, पाठ वेगळी. ज्यांना सरळ बसून पेपर वाचायचा असतो आणि पायही वर हवे असतात, त्यांनी दोन मोटरच बघाव्यात.

पायांच्या सुजेबद्दल मात्र फसगत होते. नुसता पायपट्टा वर केला म्हणजे सूज उतरते असं नाही. पाय छातीच्या वर गेले तर पाणी परत फिरतं, आणि खुर्चीत ते सहसा जात नाहीत. घोटे वरखाली हलवणं, पोटऱ्या चालवणं याने जास्त फरक पडतो. त्यातून हृदयाचं दुखणं निघालं तर पाय खूप वर ठेवल्याने दम वाढूही शकतो. म्हणून पाय किती वर ठेवायचे ते आधी डॉक्टरांना विचारून घ्या.

लिफ्ट खुर्ची घ्याल तेव्हा बाबांना तिची एक शिस्त लावा. बटण दाबून पूर्ण वर जायचं नाही. जिथे स्वतःला उठता येईल तिथवरच खुर्ची वर घ्यायची, मग थांबायचं आणि उरलेलं मांड्यांनी करायचं. आज अर्ध्यावर, महिन्याभराने कदाचित पाव अंतरावर. माझ्या मते या खुर्चीचा सगळ्यात मोठा गुण हाच, की ती मदत मोजून देते. माणसाचा हात असा मोजून मदत करत नाही. आणि पायपट्टा बाहेर असताना पुढे सरकून उठायला जायचं नाही, खुर्ची पुढे कलंडते. घरात रांगतं मूल किंवा मांजर असेल तर खुर्ची मिटण्याआधी खाली वाकून बघायचं. आतल्या कैचीत बोट सापडलं तर मोटरला ते कळत नाही. वीज गेल्यावर खुर्ची आडवीच राहणार का, की बॅटरीवर एकदा तरी सरळ होते, हे विकणाऱ्याला प्लग काढून दाखवायला सांगा. तोंडी उत्तर घेऊ नका. भिंतीपासून किती जागा सोडावी लागते तेही तिथेच, खुर्ची पूर्ण मागे नेऊन टेपने मोजा.

आता बाबांचं म्हणणं, ‘दवाखान्यातली खाट नको.’ तुम्ही ते हट्ट म्हणून लिहिलंय. इतिहास त्यांच्या बाजूने आहे बरं का. डोकं आणि गुडघे वेगवेगळे वर होणारा, तीन भागांत दुमडणारा पलंग विलिस गॅच या अमेरिकी सर्जनने १९०९मध्ये मांडला, शस्त्रक्रियेनंतरच्या रुग्णांना बसतं ठेवण्यासाठी. रिक्लायनरचा जन्म मात्र ओसरीवरचा: १९२८मध्ये मिशिगनमधल्या दोन चुलतभावांनी लाकडी पट्ट्यांची, मागे रेलणारी खुर्ची केली, अंगणाकडे बघत बसायला. बाबांच्या नाकाला दोन्ही वस्तूंचा वास बरोबर आलाय. त्यांना खाट नको असं नाही, त्यांना रुग्ण व्हायचं नाही. हे समजून घेतलंत तर पुढची बोलणी सोपी होतील.

घरगुती दिसणारे अॅडजस्टेबल पलंग हल्ली मिळतात. लाकडी चौकट, वर नेहमीसारखी चादर, रिमोट लपलेला. पण इथे एक मोठा फरक विकणारा आपणहून सांगत नाही. बहुतेक घरगुती पलंग फक्त डोकं आणि पाय वर करतात, अख्ख्या पलंगाची उंची बदलत नाहीत. उंची बदलणारा पलंग हा वेगळा प्रकार. उठताना तो बाबांच्या मापाच्या उंचीवर आणता येतो. उद्या कुणाला अंथरुणातच पुसायचं, कूस बदलायची वेळ आली तर करणाऱ्याच्या कमरेइतका वर घेता येतो. भाऊ ज्या मसाजवाल्या पलंगाबद्दल बोलतोय त्यात उंची बदलत नसेल, तर सगळ्यात कामाची मोटर तेवढी नाही आणि बाकीच्या आहेत. ‘झिरो ग्रॅव्हिटी’चंही सांगून टाका. अंतराळात वजनरहित अवस्थेत शरीर आपोआप जो अर्धवट दुमडलेला आकार घेतं, त्यावरून ते नाव पडलंय. पाठ आणि मांड्या थोड्या वर, पाठीला बरं वाटतं, एवढंच. वजन होतं तेवढंच राहतं.

मोटरवाला पलंग घेतलाच तर एक सवय पहिल्या रात्रीपासून लावा: आधी गुडघे वर, मग डोकं. आधी डोकं वर केलं की माणूस हळूहळू पायथ्याकडे घसरतो. तुमच्या तीन उशांवरून बाबा घसरतात तसंच, फक्त मोटर लावून. घसरताना कातडी चादरीला धरून राहते आणि आतलं हाड पुढे जातं. माकडहाडाशी जखमा होतात त्या अशाच. ज्यांचा बराच वेळ अंथरुणात जातो त्यांचं डोकं, डॉक्टरांनी वेगळं सांगितलं नसेल तर, ३० अंशांच्या वर फार वेळ ठेवू नये. आणि रात्रभर गुडघे वाकवूनही ठेवायचे नाहीत. झिजलेले गुडघे वाकल्या जागी आखडतात, सकाळी सरळ होताना रडवतात. गादी लवचीक हवी, फोमची किंवा लॅटेक्सची. काथ्याची कडक गादी अशा पलंगावर वाकत नाही, मधून पूल करून उभी राहते. उंची मोजताना गादी धरून मोजा. जाड गादीने चांगला पलंग चार बोटं उंच होतो आणि माणूस काठावर बसून पाय हलवत राहतो.

कठड्यांबद्दल जरा कडक बोलते. पडू नयेत म्हणून दोन्ही बाजूंना पूर्ण लांबीचे कठडे लावायचा मोह सगळ्यांना होतो. औषधं आणि वैद्यकीय उपकरणांवर देखरेख करणाऱ्या अमेरिकेच्या एफडीए या सरकारी संस्थेकडे १९८५ ते २००९च्या सुरुवातीपर्यंत कठड्यांच्या पलंगात माणूस अडकल्याच्या ८०३ घटना नोंदल्या गेल्या, त्यांत ४८० मृत्यू. गादी आणि कठडा यांच्यामधल्या फटीत डोकं किंवा मान अडकते. डोकं शिरू नये म्हणून फट १२० मिलिमीटरहून कमी असावी असं त्यांचं २००६चं मार्गदर्शन सांगतं, आणि गादी सरकली की ती फट वाढते. शिवाय ज्याला रात्री लघवीला जायचंय तो कठडा ओलांडून जातो, म्हणजे आणखी उंचावरून पडतो. बाबा चालते आहेत. त्यांना कठडा नको, काठावर धरून उठायला एक आखूड, पक्का दांडा हवा, आणि बाथरूमपर्यंत मिणमिणता दिवा. उठल्यावर मिनिटभर काठावर बसायचं, घोटे दहा वेळा हलवायचे, मग उभं राहायचं. आडवं असताना आणि उभं राहिल्यावर तीन मिनिटांच्या आत असं दोनदा बीपी मोजून बघा. वरचा आकडा २०ने किंवा खालचा १०ने उतरत असेल तर डॉक्टरांना दाखवा. गोळ्यांच्या वेळा बदलाव्या लागतात कधी कधी.

तुमची ती धास्ती, बाबा वस्तूतच राहतील ही. मी ती हसण्यावारी नेणार नाही. २००७मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात धडधाकट वृद्धांना दहा दिवस अंथरुणात ठेवलं, तर पायांचा जवळजवळ एक किलो स्नायू गेला. दहा दिवसांत. पण त्यांना कुणी मोटरवाल्या पलंगाने झोपवलं नव्हतं, ‘उठू नका’ या सूचनेने झोपवलं होतं. तेव्हा नजर पलंगावर नको, दिवसावर ठेवा. पाणी, चष्मा, फोन, रिमोट, पेपर हे सगळं खुर्चीच्या हाताशी मांडून ठेवणारं प्रेमळ घर मी पाहिलंय. त्या खुर्चीतला माणूस वर्षभरात खरोखर उठेनासा झाला. पाण्याचा तांब्या चार पावलांवर ठेवा. दर तासाला त्याच्यासाठी उठणं होऊ दे. आणि तुमच्या कागदावर उठण्याचे आकडे नवी वस्तू आल्यानंतरही लिहा. आकडे वाढले तर वस्तू लागू पडली. कमी झाले तर तिच्यात कितीही आराम असो, पुन्हा विचार करा.

मी तुमच्या जागी असते तर क्रम असा लावला असता. आधी डॉक्टर. तोवर सोफ्याला रजा. बाबांची जागा हात असलेल्या, उंच, कडक बैठकीच्या खुर्चीवर. सध्याच्या पलंगाची उंची मापापेक्षा कमी असेल तर पायांखाली खोलगट, न सरकणारे ठोकळे, चारही एकाच मापाचे. विटा नकोत. तीन उशांच्या जागी कमरेपासून चढत जाणारी एकसंध तिरकी उशी. सुट्या उशांनी नुसती मान वाकते आणि पोट दबतं. एवढ्यावर महिना काढा. पुष्कळ घरांची गरज इथेच भागते. नाही भागली, तर तुमच्या वर्णनावरून माझं मत आधी लिफ्टवाल्या, दोन मोटरच्या खुर्चीला. पलंग नंतर, आणि घेतला तर उंची बदलणाराच. खुर्ची ही मात्र पलंगाची बदली नाही. महिनोन्‌महिने रात्री खुर्चीत काढल्या तर कंबर आणि गुडघे वाकल्या अवस्थेत आखडतात.

ज्यांचं माणूस मुळात उठतच नाही, किंवा ज्याला विसरभोळेपणाचा आजार आहे, त्यांनी हा क्रम उलटा धरावा. तिथे उंची बदलणारा पलंग आधी, आणि लिफ्ट खुर्चीचा रिमोट माणसाच्या हाती देण्याआधी दहादा विचार. भ्रमात बटण दाबून खुर्चीतून पुढे ओतलं गेलेलं माणूस मी पाहिलंय.

दुकानात बाबांना न्या. रोजच्या चपलांत, काठीसकट, आणि दुपारी, थकल्या वेळी. सकाळी ताजं असताना सगळ्याच खुर्च्या चांगल्या वाटतात. अर्धा तास बसू द्या. विकणाऱ्याला बोलू देऊ नका, रिमोट बाबांच्याच हातात द्या, चष्मा काढून बटणं सापडतात का बघा. बोटांनी सापडली तरच रात्री उपयोग.

आणि आईला न्याच. तुमच्या एवढ्या मोठ्या पत्रात आई दोनदाच आली आहे: एकदा तिचं वय सांगायला, एकदा बाबांना ओढायला. ती कुठे झोपते, बाबा दोन वाजता उठून गेल्यावर तिला परत झोप लागते का, तिच्या खांद्याला कुणी दाखवलंय का, यातलं काहीच तुम्ही लिहिलेलं नाही. जोडपलंग घ्यायचा झाला तर दोन सुट्या गाद्यांचा घ्या, म्हणजे एकाची बाजू वर झाली तरी दुसऱ्याची सपाट राहते. पण त्याआधी तिला विचारा, तिला त्याच खोलीत, त्याच पलंगावर झोपायचंय का. कदाचित ‘हो’ म्हणेल. कदाचित बाहेरचा सोफा मागेल. बाबांसाठी तो वाईट आहे, तिच्या पाठीला चालेल.